चादरीआडचे गुलाब

“...ते राहू दे बाजूला. ही चादर परवाच धुतली होती की नाही, तेवढं सांग!”

“परवा धुतली म्हणजे काय जन्माची धुतली?”

“अगं, पण अंथरली कुठे होती ती? कपाटात होती. घडीसुद्धा मोडली नव्हती. कपाटातली चादर मळते कशी?”

“कपाटात धूळ बसत नाही? तुम्ही कधी उघडलंय कपाट? मोजे हवे असले की दारातून ओरडता, ‘अगं, मोजे!’ कपाटात काय होतं ते तुम्हाला काय ठाऊक?”

एवढं बोलून चादरबाईंनी ओली चादर दोन्ही हातांनी अशी झटकली की समोर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या चष्म्याला अंघोळ झाली. नकाशेबुवांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत चढवला आणि भांडण जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

“बरं, धू. रोज धू. पण दहा वाजता? सगळी गल्ली सातला धुणं आटपते, तू बरोबर दहाला बादली घेऊन बसतेस. आणि वाळत घालतेस कुठे, तर माझ्या गुलाबांच्या पुढ्यात! मागे अख्खं अंगण रिकामं पडलंय.”

“मागे ऊन नाही.”

“मागे ऊन नाही? मी मागे खुर्ची टाकली की तूच येऊन सांगतेस, उन्हात बसू नका, डोकं दुखेल!”

बाईंनी चटकन लाकडी चिमटा दातांत धरला. तोंडात चिमटा असला की माणसाकडे कोणी उत्तर मागत नाही, हे त्या एकोणिसाव्या वर्षी शिकल्या होत्या आणि त्या जोरावर त्यांचा संसार बऱ्यापैकी चालला होता.

“रविवारी थोरले साहेब येणार आहेत,” नकाशेबुवा आवाज खाली आणून म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला की प्रकरण गंभीर. “पाच वाजता. फाटकातून आत आले की त्यांना काय दिसायला हवं? बाग. आणि काय दिसणार? आपल्या पलंगावरची निळी कमळं!”

“निळी कमळं काय वाईट आहेत?” बाई चिमट्याआडून म्हणाल्या. “तुमच्या फुलांपेक्षा टवटवीत आहेत.”

“बुधवारी ही दोरी इथून गेलेली दिसली पाहिजे मला. बस्स!”

आणि नकाशेबुवा चपला फटफटवत आत गेले. बाईंनी चिमटा लावला, शेजारी सिंगल चादर टाकली आणि डावीकडून एक एक करत सातही गुलाबांकडे नजर टाकली. मग पदराला हात पुसत त्या पुटपुटल्या, “बघा रे, तुमच्यासाठी काय काय ऐकून घ्यावं लागतं.”

चादरबाई हे काही त्यांना आईबापांनी दिलेलं नाव नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं काढल्यावर ते त्यांना चिकटलं. लागल्या तेव्हा नुसत्या घड्या घालत. निवृत्त झाल्या तेव्हा खात्याच्या मुख्य होत्या, हाताखाली बावीस माणसं आणि दिवसाला सातशे चादरी. डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगत, ही बाळंतिणींची, ही हाडांच्या वॉर्डातली. एकदा एका बड्या डॉक्टरने गळकं पेन उशीच्या अभ्र्याला पुसलं. दुसऱ्या दिवशी तो अभ्रा, कडक इस्त्री केलेला आणि डागाभोवती खडूने गोल काढलेला, त्याच्या टेबलावर हजर होता. त्यानंतर तो डॉक्टर जिन्यात बाई दिसल्या की पेन खिशात घालायचा.

नकाशेबुवांची गोष्ट निराळी. बांधकामाच्या सरकारी कचेरीत ते चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. पाण्याच्या टाक्या, गटारं, शाळांच्या कुंपणभिंती, सगळं त्यांच्या हातून कागदावर उतरलं. पण नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत सही असायची थोरल्या साहेबांची, ऐसपैस, शेपूट काढलेली. यांचं नाव नव्हतंच, नुसती दोन आद्याक्षरं, मुंगीएवढी. चौतीस वर्षांत त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण निवृत्तीनंतर समुद्राकाठचं हे लहानसं घर घेतलं, खाली दोन खोल्या, वर एक, पुढे मोकळी जागा, मग रस्ता, मग वाळू आणि मग पाणी. आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मोठा कागद टेबलाला चिकटवला. ‘घरापुढील बागेचा नकाशा.’ कोपऱ्यातल्या चौकटीत, पूर्ण अक्षरांत, आडनावासकट स्वतःचं नाव. शाई वाळेपर्यंत ते त्याच्यावर फुंकर घालत बसले होते. बाईंनी ते दारातून पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं होतं.

त्या नकाशाप्रमाणे बाग उभी राहिलेली थोरल्या साहेबांनी डोळ्यांनी बघावी, एवढीच त्यांची इच्छा. बाकी या वयात माणसाला हवं तरी काय असतं?

नकाशा देखणा होता. मधे हिरवळ, तिच्यातून नागमोडी वाट, वाटेच्या अलीकडे ओळीने सात गुलाब. आणि समुद्राकडच्या कडेला बारीक अक्षरांत लिहिलेलं: ‘दृश्य मोकळे ठेवणे.’ आता ते दृश्य मोकळं नव्हतं. आधीच्या मालकाने त्या कडेला नुसतं रान माजवलं होतं. कण्हेर, केवडा, काटेरी बोगनवेल, सगळं एकमेकांच्या अंगावर रेललेलं, एकही फांदी सरळ नाही. नकाशेबुवांना वाकडी रेघ सोसत नाही. त्यांनी दोन माणसं लावून ते रान मुळापासून काढलं. दोन गाड्या भरल्या.

गुलाबाची रोपं घेऊन रोपवाला आला तेव्हा त्याने ती बोडकी कडा पाहिली आणि जीभ टाळूला लावून आवाज केला.

“हे काढलंत?”

“काढलं. समुद्र दिसत नव्हता.”

“हां. आता समुद्रालाही तुम्ही दिसाल,” रोपवाला म्हणाला आणि रोपं उतरवू लागला. “काही नाही, मी आहेच जवळ. मी तुम्हाला लागणारच.”

तो लागला. पहिले सात गुलाब महिन्याभरात गेले. दुसरे सात तीन आठवड्यांत. पानं कडेकडेने करपत, अगदी तापलेली इस्त्री फिरल्यासारखी, आणि मग गळत. नकाशेबुवांनी आधी मातीला दोष दिला, मग पाण्याला, मग रोपवाल्याला, मग शेजारच्या मांजराला. शेवटी शेवटी ते म्हणू लागले की हल्लीच्या गुलाबांतच दम नाही.

मग मागच्या भिंतीचं गिलाव्याचं काम निघालं. अंगणात वाळू, घमेली आणि गवंडी. वाळत घालायची दोरी पुढे आली. फाटकाच्या खांबापासून कोपऱ्यातल्या नळाच्या खांबापर्यंत, मधे बांबूचा टेकू. नेमके त्याच आठवड्यात तिसरे सात गुलाब लागले. आणि ते जगले! सातांतले सहा जगले, त्यांना कोंब फुटले, कळ्या धरल्या. नकाशेबुवांनी घर डोक्यावर घेतलं. हे सगळं त्यांच्या खताचं यश होतं. वापरलेली चहापत्ती, केळ्याची सालं आणि एक गुप्त वस्तू. ती गुप्त वस्तू म्हणजे अंड्याची टरफलं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, कारण ती ओट्यावर कुटली जात.

“प्रमाण!” ते गल्लीतल्या प्रत्येकाला थांबवून सांगत. “सगळी गंमत प्रमाणात आहे.”

बाईंनी मात्र एका संध्याकाळी दोरीवरची वाळलेली चादर काढली आणि त्यांच्या बोटांनी त्यांना काहीतरी सांगितलं. कापड कडक होतं, जड होतं. खळ तर घातली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चादरीचं समुद्राकडचं टोक जिभेला लावलं. खारट! घराकडची बाजू चाटली. जवळजवळ अळणी. मग त्यांनी हिरवळीकडे पाहिलं. हिरवळ बाकी सगळीकडे वाळक्या झाडूसारखी झाली होती आणि चादरीच्या मागे मात्र हिरवीगार. मुलगा त्या दिवशी सकाळीच म्हणाला होता, “बाबा, तुमची हिरवळ सतरंजी अंथरल्यासारखी चौकोनी का आहे?” त्यावर त्याला प्रमाणावर व्याख्यान ऐकावं लागलं होतं.

समुद्रावरचा वारा अकराच्या सुमाराला सुटायचा आणि दिवेलागणीला पडायचा. येताना मीठ घेऊन यायचा. ते मीठ आधी त्या रानाच्या अंगावर बसायचं. रान गेलं, मग गुलाबांच्या अंगावर बसलं. आता ते निळ्या कमळांच्या अंगावर बसत होतं.

सांगायला काय, दोन वाक्यांचं काम होतं. बाई घरात गेल्यासुद्धा. नकाशेबुवा खिडकीत बसून हिरव्या पेन्सिलीने काहीतरी रंगवत होते आणि शीळ घालत होते. चौतीस वर्षं कचेरीत जाणाऱ्या या माणसाला शीळ घालता येते हे बाईंना त्या दिवशी कळलं. त्यांनी तोंड उघडलं आणि विचारलं, “चहा टाकू?”

गिलावा संपला, गवंडी गेले, अंगण झाडून झालं. दोरी काही मागे गेली नाही. आणि दोरी रिकामी ठेवून चालणार नव्हतं. पण घरात माणसं चार, अंथरायच्या चादरी मोजक्या. त्या रोज मळाव्यात तरी कशा? मग बाईंनी स्वच्छ चादरी धुवायला घेतल्या. दहाला भिजवायच्या, पावणेअकराला दोरीवर. खरं सांगायचं तर यात सगळं प्रेमच होतं असं नाही. प्रमाणच सांगायचं झालं तर दोन भाग प्रेम आणि एक भाग खोडी. नवरा गुलाबांपुढे उभा राहून त्यांना जगवणाऱ्या चादरीलाच नावं ठेवतो, हे ऐकताना बाईंना आतून गुदगुल्या होत.

एकच अडचण होती. मधल्या टेकूमुळे डबल चादर आणि सिंगल चादर यांच्यामध्ये वीतभर फट राहायची आणि त्या फटीमागे यायचा डावीकडून पाचवा गुलाब. तो काही केल्या सुधारेना. नकाशेबुवांनी तिथे तीनदा नवीन रोप लावलं, दोनदा माती बदलली आणि अखेर जाहीर केलं की त्या जागेखाली काहीतरी आहे.

सून चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. तिची स्वतःची नजर साताठ फुटांवरून सुईचं नेढं बघणारी. त्या सोमवारचं सकाळचं भांडण तिने वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. दुपारी ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली.

“आई, बादलीतलं पाणी तुम्ही ओतलंत तेव्हा मी बघत होते. पिण्यासारखं स्वच्छ होतं.”

“मग? चांगलंच की.”

“काय चांगलं? पाच महिने तुम्ही स्वच्छ चादरी धुताय. आधी मला वाटलं, सवय आहे. मग वाटलं, विसरताय, डॉक्टरांना दाखवू या. काल ह्यांच्याशी बोलले मी.”

“काय म्हणाला तो?”

“म्हणाले, आईला दाखवायला जो नेईल त्याने आधी स्वतःला दाखवावं.”

बाईंना हसू फुटलं. मग सांगावंच लागलं. सून ऐकता ऐकता ओट्यावर चढून बसली, जे एरवी तिला मना होतं.

“म्हणजे अंड्याची टरफलं...”

“टरफलं काय, चांगली असतात. पण मीठ थांबवत नाहीत.”

“आणि पाचवा गुलाब?”

“टेकू.”

सुनेने दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हसून झाल्यावर म्हणाली, “सांगून टाका ना बाबांना. बुधवारी ते दोरी काढणार. रविवारपर्यंत तीन-चार दिवस वारा खेळला तर साहेबांना दाखवायला काय उरेल?”

“सांगितलं तर त्यांच्याकडे काय उरेल?” बाई म्हणाल्या. “आयुष्यात एकदा पूर्ण नाव लिहिलंय त्यांनी कोपऱ्यात. बाग त्यांची आहे म्हणून लिहिलंय. ती माझ्या चादरीची आहे असं सांगू?”

सून उतरली. “मग दोरी तरी काढू देऊ नका.”

बुधवारपर्यंत बाईंचाही हाच विचार होता. पण बुधवारी सकाळी नकाशेबुवा एक वाक्य जास्तीचं बोलले. फाटकापाशी उभे राहून ते शेजाऱ्याला सांगत होते, “काय आहे, बायकांना सौंदर्यदृष्टी नसते. चादरी मोजण्यात जन्म गेला तिचा, ती तरी काय करणार?”

बाई आतून कात्री घेऊन आल्या नाहीत एवढंच. त्या शांतपणे गेल्या, खांबाची गाठ सोडली, नळाची गाठ सोडली, दोरी कोपरावर गुंडाळून तिचं भेंडोळं केलं आणि शेजाऱ्यादेखत नवऱ्याच्या हातात ठेवलं. “घ्या. आता सौंदर्य बघा.” टेकू उपटून भिंतीला लावला. दहा वाजले, बादली बाहेर आली नाही. बाई पाय वर घेऊन मासिक वाचत बसल्या.

पावणेअकरापर्यंत त्यांना फार बरं वाटत होतं.

अकराला खिडकीचं दार हललं. त्या आठवड्यात वाराही असा होता की जणू त्याला कोणीतरी कळवलंच होतं. गुरुवारी दुपारी गुलाब माना टाकून थरथरत होते. नकाशेबुवांनी खताचा दुसरा हप्ता दिला. मग पाणी. मग आणखी पाणी. चार वाजता बाईंनी पडदा बाजूला केला तर ते मोठी काळी छत्री वाऱ्याच्या तोंडावर धरून दुसऱ्या आणि तिसऱ्या गुलाबाच्या मधे उकिडवे बसले होते. छत्री उलटी झाली. त्यांनी ती सरळ केली. परत उलटी झाली. गल्लीतलं एक कुत्रं बसून हा खेळ बघत होतं.

पडदा सोडून बाई आत आल्या. एक भाग खोडी होती ती केव्हाच संपली होती. रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याच्या ताटात न मागता दुसऱ्यांदा आमटी वाढली.

“आई, तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते,” सून कुजबुजली.

“उद्या सकाळी सांगते.”

पण सकाळी त्या उठून बाहेर आल्या तर नकाशेबुवा आधीच उठलेले. बाहेर नव्हते, आत बसायच्या खोलीत होते. मोठ्या खिडकीच्या काचेवर त्यांनी काहीतरी चिकटवलं होतं आणि त्याच्यापुढे हात मागे बांधून उभे होते. बाई जवळ गेल्या. त्या संध्याकाळची हिरवी पेन्सिल कशाला चालली होती, ते आता कळलं. नकाशेबुवा दर पंधरा दिवसांनी बागेचं चित्र पारदर्शक कागदावर उतरवून घेत होते, जगलेलं हिरवं, जळलेलं तपकिरी. हाडाचा ड्राफ्ट्समन, नोंदीवाचून राहील कसा? पाच महिन्यांचे दहा कागद त्यांनी एकावर एक ठेवून काचेला लावले होते आणि मागून सकाळचं ऊन येत होतं. दहाही कागदांतला हिरवा रंग एकाच जागी गोळा झाला होता. दोन चौकोन, एक मोठा, एक लहान, मधे वीतभर तपकिरी पट्टी.

“निसर्ग काटकोन काढत नाही,” नकाशेबुवा मागे न बघता म्हणाले.

बाईंनी खिडकीचा पडदा उगाचच सारखा केला.

“आपल्या डबल चादरीची रुंदी किती?”

एकतीस वर्षांची सवय. उत्तर तोंडातून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. “नव्वद इंच. शिवण वजा जाता एकोणनव्वद.”

“आणि सिंगल?”

“साठ.”

नकाशेबुवांनी पट्टी घेतली, काचेवर दोन्ही चौकोन मोजले, मनात गुणाकार केला आणि पट्टी खाली ठेवली. पाचव्या गुलाबाच्या तपकिरी ठिपक्यावर त्यांनी बोट टेकवलं.

“आणि इथे टेकू.”

“हो.”

“तुला केव्हापासून माहीत होतं?”

“गिलावा चालू होता तेव्हापासून.”

“आणि मी गल्लीभर प्रमाण सांगत फिरलो.”

“टरफलांनी कळ्या मोठ्या आल्या असतील हं,” बाई म्हणाल्या. स्वतःलाच ते फार केविलवाणं वाटलं.

नकाशेबुवांनी कागद एक एक करून काचेवरून काढले, गुंडाळले, आणि ते टेबलाशी जाऊन पाठ करून बसले. दहा वाजता बाईंनी न विचारता दोरी बांधली, टेकू लावला, चादरी टाकल्या. आत काही हालचाल नाही. दुपारचं जेवण झाकून ठेवलेलं तसंच राहिलं. बाईंनी चार वेळा दारातून पाहिलं. चारही वेळा पाठ दिसली. भांडणात या माणसाची पाठ त्यांनी कधी पाहिली नव्हती. तो समोर उभा राहून भांडणारा माणूस होता. एवढे मोठे डॉक्टर लोक त्यांना टरकायचे आणि आता त्या स्वतः एका टेबलापाशी जायला टरकत होत्या.

संध्याकाळी चहाला सगळे जमले. मुलगा कामावरून आलेला, सून आलेली. नकाशेबुवा कागद घेऊन बाहेर आले, चहाचे कप बाजूला सारले आणि कागद टेबलावर पसरला. डोळे लाल होते, पण पेन्सिलींना टोकं काढलेली होती.

“मी साहेबांना फोन करतो. बरं नाही म्हणून सांगतो. चार महिन्यांनी या म्हणावं.” मग त्यांनी समुद्राकडच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे जाड दुहेरी रेघ होती. “चादर जर वारा अडवते, तर भिंत उत्तम अडवेल. सहा फूट उंच, सलग, वीट आणि सिमेंट. उद्या गवंड्याला बोलावतो.”

“भिंत नको,” बाई म्हणाल्या.

“का? वारा अडवायचा आहे ना?”

“भिंतीने वारा अडत नाही. उडी मारतो आणि पलीकडे डोक्यावर आपटतो. चादर हलते, थोडा वारा जाऊ देते, म्हणून तो निवतो.”

“हे कुठल्या पुस्तकात वाचलंस?”

“पुस्तकात नाही. इस्पितळात मागे वाळवणाचं आवार होतं, आठवतं? त्याला सहा फुटी भिंत घातली होती. सलग, वीट आणि सिमेंट.”

“आठवतं म्हणजे काय, मीच तर...” नकाशेबुवा थांबले. “तो नकाशा माझाच होता. मोजमाप घ्यायला आलो तेव्हाच तर तू पहिल्यांदा...”

“हो. तीच. भिंत झाली त्या दिवसापासून माझ्या चादरी दोरीभोवती वेटोळं घालायच्या. वारा भिंतीवरून यायचा आणि वरून थोबाडीत मारायचा. तीन बायका नुसत्या चादरी सोडवायला ठेवाव्या लागल्या.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तेव्हा नुकतं लग्न ठरलं होतं. म्हटलं, जाऊ दे.”

“मग काय केलंस?”

“पुढे खातं माझ्याकडे आलं तेव्हा गवंडी बोलावला आणि वरच्या पाच थरांतली एकाआड एक वीट काढून घेतली.”

“माझ्या भिंतीतली?”

“तुमच्याच. मग चादरी गुण्यागोविंदाने वाळायला लागल्या. अजून आहेत ती भोकं.”

मुलाचा चहा नाकात गेला. सून त्याच्या पाठीवर थापट्या मारू लागली. ते थापट्या मारणं जरा जास्तच वेळ चाललं, कारण तिलाही तोंड लपवायला जागा हवी होती. नकाशेबुवांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांच्या मिशा हलल्या.

“अजून काय काय आहे पोटात?” त्यांनी विचारलं. “निवृत्त माणूस आहे मी. एकदमच सांगून टाक.”

“पाण्याच्या टाकीचा जिना,” बाई म्हणाल्या. “पण ते नंतर.”

त्यांनी नवऱ्याच्याच हातातली पेन्सिल घेतली, दुहेरी रेघेवर फुली मारली, कप जागच्या जागी लावले आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं, धुलाईखात्यात सकाळची पाळी सुरू होताना बघत तसं.

“ऐका. भिंत होणार नाही. समुद्राकडे पहिली रांग वाळूत पसरणारी मर्यादवेल आणि कोरफड, दुसरी कण्हेर, तिसरी केवडा. पुढे बुटकं, मागे उंच, म्हणजे वारा जिना चढल्यासारखा वर जाईल. रोपवाल्याला मी सांगते. हिरवळ निघेल. गुलाब घराच्या मागच्या भिंतीला जातील. नकाशा हेच काढतील आणि नाव यांचंच राहील. साहेबांना कोणी फोन करायचा नाही. रविवारी पाच वाजता ते येतील आणि दोरी बांधलेली असेल. झाडं उंच व्हायला दोन वर्षं लागतील. तोवर त्यांच्या कोवळ्या पानांसाठी रोज दहाला चादरी धुवाव्या लागतील आणि त्या हे धुतील.”